पहिली प्रोटोटाइप रेप्लिका: एअरसॉफ्टवाल्या नवख्यांसाठी गॅरंडची टी२६ करायची पद्धत

दुसऱ्या महायुद्धाचे एअरसॉफ्ट खेळ खेळायला लागलं की साधारण वर्षभरात एक किडा चावतोच. मैदानावर सगळ्यांच्या हातात तीच थॉम्पसन, तीच एमपी४०, तीच गॅरंड, मग वाटायला लागतं की आपल्याकडे काहीतरी असं हवं जे दुकानात मिळतच नाही, जे त्या काळात पण नमुन्यादाखल दोन-चारच बनले आणि नंतर कपाटात गेले, म्हणजे प्रोटोटाइप. मला हा किडा चावला तेव्हा मी थेट सगळ्यात अवघड गोष्टीला हात घातला आणि आठ महिने वाया घालवले, त्यामुळे तुम्ही ते करू नये, आधी सोपी टी२६ म्हणजे आखूड केलेली गॅरंड रायफल करावी, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एअरसॉफ्ट म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या, ज्यांना सगळे बीबी म्हणतात, त्या हवेच्या दाबाने मारणारी खेळण्यातली गन. ऐतिहासिक एअरसॉफ्टमध्ये गणवेश, पट्टे, बूट, हेल्मेट सगळं त्या काळचं लागतं आणि गन पण त्या काळची दिसायला लागते. रेप्लिका म्हणजे बाहेरून तशी दिसणारी. आत तोच मोटर-गिअर-पिस्टनचा डबा असतो ज्याला गिअरबॉक्स म्हणतात. आपल्याला आतलं काही शोधून काढायचं नाहीये, चालू असलेल्या एअरसॉफ्ट गनवर वेगळी कातडी चढवायची आहे, बस. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उघडून आतली स्प्रिंग बघायची सवय ज्यांना होती त्यांना हे काम आवडेल आणि ज्यांना ती स्प्रिंग परत बसवता यायची नाही त्यांनी तर आतल्या भागाला हातच लावू नका.

आधी कायदा, कंटाळा आला तरी

मी इंग्लंडात राहतो, मिडलँड्समध्ये, त्यामुळे इथलं सांगतो. इथे व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्ट २००६ नावाचा कायदा आहे, त्यातलं खोट्या बंदुकांचं प्रकरण १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झालं. नवीन लोकांना वाटतं की हा कायदा फक्त विकणाऱ्यांसाठी आहे. तसं नाहीये. खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणं, बाहेरून मागवणं, बनवणं, आणि जी खऱ्यासारखी दिसत नाही तिला बदलून खऱ्यासारखी करणं, हे सगळं गुन्ह्यात येतं, जोपर्यंत तुमच्याकडे कायद्याने मान्य केलेलं कारण नाही. म्हणजे ती निळी किंवा नारिंगी रंगाची स्वस्त गन आणून काळ्या स्प्रेने रंगवली की झालं असं जे काही लोक करतात ना, ते नेमकं या कलमात बसतं. घरच्या गॅरेजमध्ये बसून केलं म्हणून सुटका नाही.

मान्य कारण म्हणजे आपल्या कामाची दोन, एक विमा काढलेले व्यवस्थित एअरसॉफ्ट खेळ आणि दुसरं विमा असलेलं ऐतिहासिक रीएनॅक्टमेंट, म्हणजे त्या काळचा वेश करून जुने प्रसंग परत उभे करणं. एअरसॉफ्टवाल्यांसाठी दुकानदारांनी चालवलेली युकारा नावाची नोंदणी आहे, त्यात नाव यायला एका मैदानावर कमीत कमी ५६ दिवसांच्या अवधीत किमान तीन खेळ खेळलेले लागतात. वय १८ पूर्ण. ती नोंदणी म्हणजे लायसन्स नव्हे, तुम्ही खरंच खेळाडू आहात याचा तो दुकानदाराला पटणारा पुरावा आहे एवढंच. पण बनवायला बसण्याआधी तीन खेळ खेळून ती करून टाका, कारण तीन खेळांत तुम्हालाच कळेल की तुम्हाला खेळायला आवडतं की नुसतं सुतारकाम.

एक गंमतीची गोष्ट, या कायद्यात १८७० च्या आधीच्या पद्धतीची बंदूक वाटेल अशी प्रतिकृती "खऱ्यासारखी" या व्याख्येत येत नाही. म्हणजे आपली शिवकाळातली तोड्याची बंदूक लाकडात करून भिंतीवर लावायची असेल तर ही कलमं आडवी येत नाहीत. पण ती हातात घेऊन रस्त्याने फिरलात तर तो वेगळा गुन्हा, कारण सार्वजनिक जागी योग्य कारणाशिवाय कुठलीही नकली बंदूक बाळगणं १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये बसतं.

ताकदीची मर्यादा पण पाठ करून ठेवा. सलग फायर होणारी एअरसॉफ्ट १.३ ज्यूल, एकेक गोळी मारणारी २.५ ज्यूल, त्याच्या वर गेलं की कायद्याच्या नजरेत ते एअरसॉफ्ट उरत नाही. मैदानांची मर्यादा याच्या आत असते, बऱ्याच ठिकाणी ०.२० ग्रॅमच्या बीबीने सेकंदाला ३५० फूट.

आणि खऱ्या बंदुकीचे सुटे भाग घेऊ नका. खरी नळी, बोल्ट, रिसीव्हर (बंदुकीचं मधलं मुख्य शरीर) हे इथे स्वतःच बंदूक धरले जातात. खरं जुनं लाकूड, खरा पट्टा, बटप्लेट (दस्त्याच्या मागची पट्टी), एवढं चालतं आणि त्यानेच गन एकदम जिवंत दिसते. भारतात राहणाऱ्यांनी यातलं काहीच तिकडे जसंच्या तसं लावू नका, आणि सुट्टीला घरी येताना भाच्याला दाखवायला म्हणून बॅगेत टाकून तर अजिबात आणू नका.

कुठली निवडायची

इथेच सगळं ठरतं. नियम माझा असा की जी प्रोटोटाइप बाजारात मिळणाऱ्या एखाद्या एअरसॉफ्ट गनपासून फक्त एक पाऊल लांब आहे ती पहिली घ्यायची. मी घेतली होती ईएम-२ नावाची ब्रिटिश रायफल, तिच्याबद्दल शेवटी रडतो. तुम्ही घ्या टी२६.

टी२६ म्हणजे आखूड केलेली एम१ गॅरंड. गॅरंड ही अमेरिकन सैन्याची १९३६ साली स्वीकारलेली रायफल, आठ गोळ्यांची क्लिप, लांबी ११०७ मिलिमीटर, नळी २४ इंच. पॅसिफिकच्या जंगलात ती लांब पडायला लागली तशी आखूड गॅरंडची मागणी सुरू झाली, तिकडच्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्येही काही कापून बघितल्या गेल्या. इकडे अमेरिकेत स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी कारखान्यात मूळ रायफल बनवणाऱ्या जॉन गॅरंडनीच १९४४ मध्ये एम१ई५ नावाची केली, १८ इंची नळी आणि दुमडणारा दस्ता. दुमडणारा दस्ता काही जमला नाही, आवाज आणि तोंडाशी होणारा भडका पण फार होता, पण आखूड नळी लोकांना आवडली, म्हणून तीच नळी नेहमीच्या लाकडी दस्त्यात बसवली आणि १९४५ मध्ये तिला टी२६ नाव मिळालं. १५,००० ची ऑर्डर निघाली होती आणि तेवढ्यात ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली, ऑर्डर रद्द. नंतर दुकानदारांनी कापलेल्या गॅरंड विकताना "टँकर" असं नाव चिकटवलं आणि तेच रूढ झालं, रणगाड्यातल्या लोकांशी तिचा तसा काही संबंध नव्हता. मैदानावर कोणी "अरे टँकर" म्हणालं की ही माहिती ऐकवायची, पुढच्या खेळाला तो तुमच्यापासून चार हात लांब बसतो.

आता हिशेब बघा, २४ वजा १८ म्हणजे ६ इंच, १५२ मिलिमीटर. बाकी रायफल तीच. म्हणजे चालू असलेली इलेक्ट्रिक गॅरंड घ्यायची, पुढून १५२ मिलिमीटर कमी करायचे, पुढचे भाग मागे आणायचे आणि पुढचं छोटं लाकूड नवीन करायचं. पहिल्या कामाला यापेक्षा सोपी प्रोटोटाइप माझ्या बघण्यात नाही.

पण थांबा, आयोजकांना आधी विचारा. मी माझी टी२६ घेऊन मोठ्या उत्साहाने नॉर्मंडी १९४४ च्या खेळाला गेलो आणि गेटवरच्या माणसाने शांतपणे विचारलं, हे १९४५ चं पॅसिफिकचं प्रकरण इथे फ्रान्समध्ये काय करतंय? काही उत्तर नव्हतं. दिवसभर भाड्याच्या गनवर खेळलो. तो बरोबर होता. फिलिपिन्स १९४५ सारखा खेळ असेल, किंवा "युद्ध अजून सहा महिने चाललं असतं तर" असा काल्पनिक खेळ असेल, तिथे ती शोभते. आमचा एक छोटा गट मराठा लाइट इन्फंट्रीचा वेश करतो, इटली १९४४, त्यात तर प्रोटोटाइपचा प्रश्नच येत नाही. तिथे नाईक यशवंत घाडग्यांच्या हातात थॉम्पसन होती, १० जुलै १९४४ ला वरच्या टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच थॉम्पसन नळीकडून धरून दंडुक्यासारखी चालवली, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेशात टी२६ घेऊन उभं राहायला मला तरी लाज वाटेल. प्रोटोटाइपला तिची जागा असते, ती जागा आधी शोधा मग करवत.

फोटो आणि मापं

स्प्रिंगफील्ड आर्मरी १९६८ मध्ये बंद झाली, आता मॅसॅच्युसेट्समध्ये तिथे संग्रहालय आहे. इंग्लंडातल्यांना लीड्सचं रॉयल आर्मरीज जवळ, प्रवेश फुकट, एक पूर्ण दिवस काढा. फोटो जमवताना बाजूने, लांबून, झूम करून काढलेले शोधा. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि टोकं बारीक होतात, त्यावरून मापं घेतली की सगळं चुकतं.

एक चांगला बाजूचा फोटो मिळाला की तो खऱ्या आकारात छापायचा. टी२६ ची लांबी ११०७ वजा १५२ म्हणजे सुमारे ९५५ मिलिमीटर धरा, फोटो तेवढा मोठा करा, ए४ चे चार कागद लांबीत लावले की मावतो. चिकटवून भिंतीवर लावा. मग आणलेली एअरसॉफ्ट गॅरंड त्याच्या शेजारी धरा आणि ट्रिगर ते मागची साइट (नेम धरायचा भाग) हे अंतर दोन्हीकडे जुळतंय का बघा. जुळलं तर फोटोचं प्रमाण बरोबर आहे. नाही जुळलं तर फोटो तिरका आहे किंवा एअरसॉफ्ट कंपनीने गिअरबॉक्स कोंबायला शरीर थोडं फुगवलंय, आणि असं फुगवलेलं असलं तर त्याच्याशी भांडू नका, दहा मीटरवरून कोणाला कळत नाही.

कागदावरून पुठ्ठ्याचा किंवा फोम बोर्डचा एक साचा कापा, दिवाळीच्या किल्ल्याला आपण आधी विटा नुसत्या मांडून बघायचो तसं. तो खांद्याला लावून बघा, दारातून आत-बाहेर करा. बायको हसेल. हसू द्या. पुठ्ठा कापायला दहा मिनिटं लागतात आणि अक्रोडाचं लाकूड चुकलं की चाळीस पाउंड जातात.

गन आणि हत्यारं

गन सेकंडहँड घ्या, पण चालू. बिघडलेली स्वस्तात मिळते म्हणून घेतलीत तर नंतर काही बिघडलं की कळतच नाही हे तुमच्या कापाकापीने झालं की आधीपासून होतं. आयसीएस आणि जी अँड जी या दोन तैवानच्या कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गॅरंड आहेत, कुठलीही चालेल. विकत घेतल्यावर काहीही न उघडता तिच्यावर दोन-तीनशे बीबी मारा आणि वेग मोजून वहीत लिहून ठेवा. ही "आधीची" नोंद नंतर सोन्यासारखी वाटते.

हत्यारं फार लागत नाहीत. व्हर्नियर, गुण्या, हॅक्सॉ आणि नवीन पातं, दोन कानशी एक सपाट एक गोल, एक छोटी पटाशी, पॉलिश पेपर १२०, २४०, ४०० नंबर, आणि बाकाला घट्ट लावलेली व्हाइस. लेथ असेल तर मजा आहे, नसेल तरी अडत नाही. डोळ्यांना गॉगल, धूळ उडते तेव्हा मास्क.

उघडणं आणि कापणं

सगळी गन सुटी करताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा आणि स्क्रू आइस ट्रेच्या एकेका खणात ठेवा, खणावर नंबर. गिअरबॉक्स सुटा झाला की तसाच डब्यात बंद करून बाजूला ठेवा, उघडू नका, पॉलिशची धूळ आत गेली की गिअर चावायला लागतात.

आता नळी. इथे दोन नळ्या असतात, हे नवीन लोक विसरतात आणि मी पण विसरलो होतो. बाहेरची दिसणारी ती आउटर, आणि आतली पितळेची बारीक इनर, जिच्यातून बीबी जातो. मी एका शनिवारी मोठ्या झोकात आउटर १५२ मिलिमीटर कापली, कानस मारली, पुढचे भाग बसवले आणि मग बघतो तर आतली पितळी नळी पुढे चिमणीसारखी बाहेर आलेली! तर आधी इनरची लांबी मोजा, आउटरच्या नव्या तोंडापासून ती निदान पाच-दहा मिलिमीटर आत राहायला हवी. तेवढी आखूड इनर तयार मिळते, दहा-पंधरा पाउंडात, तीच घ्या. इनर घरी कापता येते पण कापलेलं तोंड अगदी काटकोनात आणि आतून बर (कापल्यावर राहिलेली खरखरीत कड) काढलेलं नसेल तर बीबी कुठेही जातो, आणि ते सरळ झालं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, निशाण्यावर दिसतं.

आउटर कापताना मास्किंग टेप गुंडाळा, गुण्याने सगळीकडून रेघ मारा, रेघेच्या एक मिलिमीटर पुढे कापा आणि उरलेला कानशीने आणा. मोजताना पुढच्या टोकापासून मोजू नका, रिसीव्हरपासून पुढे मोजा, कारण पुढच्या टोकाला प्रत्येक कंपनीची वेगवेगळी कॅप असते. दोनदा मोजा, चहा प्या, परत मोजा, मग कापा.

गॅरंडमध्ये नळीच्या पुढे खाली जो जाड तुकडा असतो तो गॅस सिलिंडर, त्याच्यावरच पुढची साइट. नळी आखूड झाली की तो पूर्ण तुकडा मागे येतो. एअरसॉफ्टमध्ये तो नुसता शोभेचा असतो, पण नळीवर तो ज्या खाचेत बसतो ती खाच आता कापून गेली, त्यामुळे नवीन जागी खाच करावी लागते. खाच करायचा कंटाळा असेल तर दोन बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) खालून लावा जिथून दिसत नाहीत, त्यावर निळ्या रंगाचं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद. लाल थ्रेडलॉक लावू नका, परत काढताना जीव जातो. साइट सरळ उभी आहे का हे मागच्या साइटमधून बघून मगच घट्ट करा, थोडी जरी कललेली असली तरी फोटोत बंदूक दारू प्यायल्यासारखी दिसते.

उजव्या बाजूचा ऑपरेटिंग रॉड, म्हणजे तो हँडल असलेला लांब दांडा, तो पण पुढून आखूड होतो. हाही एअरसॉफ्टमध्ये बहुतेक दिखाऊ असतो पण काही गनमध्ये तो मागे ओढला की आतली हॉप-अपची (बीबीला उलटी फिरकी देणाऱ्या भागाची) खिडकी उघडते, म्हणून मागच्या अर्ध्या भागाला हात न लावता फक्त पुढचं कापा.

लाकूड, जिथे सगळी मजा आहे

गॅरंडचं लाकूड तीन तुकड्यांत असतं, मोठा दस्ता, मागचा हँडगार्ड आणि पुढचा हँडगार्ड. पहिले दोन तसेच राहतात. पुढचा मात्र आखूड होतो आणि जुना कापून वापरला तर पुढे निमुळता होण्याचा जो आकार असतो तोच कापला जातो, त्यामुळे नवीन करणं बरं. मूळ बंदुकांना अमेरिकन अक्रोडाचं लाकूड असायचं. ते महाग वाटलं तर बीच घ्या आणि रंग चढवा, पण अक्रोडाचे रेषे तेलात जसे उठतात तसे बीचचे उठत नाहीत हे आधीच सांगतो. मोडक्या जुन्या फर्निचरमधून अक्रोडाचा पाय किंवा फळी मिळाली तर उत्तम, माझा हँडगार्ड एका चॅरिटी शॉपमधल्या तुटक्या टेबलाचा आहे.

क्रम असा ठेवा, ठोकळा आधी आतून पोखरा, मग बाहेरून आकार द्या. उलटं केलं तर धरायला सपाट बाजूच उरत नाही. आतली गोल खाच करायला नळीच्या जाडीच्या काठीला पॉलिश पेपर गुंडाळून घासत बसा, रेडिओ लावा, एक संध्याकाळ जाते. भिंतीची जाडी चार मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, पडली की चीर जाते. बाहेरून आधी रेघांवर सपाट पैलू पाडायचे, चौकोनाचे आठ कोन, आठाचे सोळा, मग पॉलिश पेपरने गोल. सरळ गोल करायला गेलात की बटाटा होतो.

मग तेल. जवसाचं उकळलेलं तेल, इथे बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं. पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसून घ्या, एक दिवस वाळू द्या, असं सहा-सात वेळा. जाड थर दिलात की चिकट राहतो आणि बोटांचे ठसे उमटतात. जुन्या दस्त्यालाही शेवटचे दोन हात द्या म्हणजे रंग जुळतो.

आता हे नीट वाचा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवायची नाहीत. ते तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मला हे माहीत होतं, वाचलं होतं, तरी एकदा दोन फडकी प्लॅस्टिकच्या बादलीत टाकून जेवायला गेलो आणि अर्ध्या तासाने शेडमधून वास आला. धूर होता, जाळ नव्हता, नशीब. फडकी बाहेर कुंपणावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मगच फेका.

थ्रीडी प्रिंट केलेले तुकडे आणि रंग

नळीच्या तोंडाची कॅप, हँडगार्डची आतली क्लिप असे छोटे तुकडे प्रिंट करून चालतात. प्रिंटिंगच्या प्लॅस्टिकमध्ये पीएलए स्वस्त आणि सोपं पण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते तापमान सहज गाठलं जातं, म्हणून पीईटीजी नावाचं प्लॅस्टिक घ्या. थर लांबीच्या दिशेने येतील असे प्रिंट करा, उभे थर असले की काडीसारखं मोडतं. प्लॅस्टिकमध्ये सरळ स्क्रू पिळू नका, पितळेच्या नट सोल्डरिंगच्या टोकाने गरम करून आत बसवता येतात, त्या वापरा.

रंगासाठी फिलर प्रायमर, घासणं, परत प्रायमर, परत घासणं, थरांच्या रेषा बोटाला लागेनाशा होईपर्यंत. अमेरिकन बंदुकांचं धातूकाम चकचकीत काळं नसायचं, फॉस्फेट केलेलं राखाडी-हिरवट मॅट असायचं. मॅट काळा, त्यावर अगदी पातळ करड्या-हिरव्याची फवारणी, आणि पूर्ण वाळल्यावर कडांवर ग्रॅफाइटची पूड बोटाने घासा. जिथे हात लागतो तिथेच घासा. सगळीकडे झिजवलेली गन नाटकातली वाटते, आणि प्रोटोटाइप तर तशी फारशी वापरली गेलेलीच नसणार, मग ती वीस वर्षं लढून आल्यासारखी का दिसावी?

बॅटरी, जोडणी, मोजणी

तारा लाकूड आणि गिअरबॉक्स यांच्यात दाबल्या जात नाहीत ना हे परत बसवताना बघा, फ्यूज काढून टाकू नका. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी वापरत असाल तर ७.४ व्होल्टची, खेळ नसताना प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास ठेवून आग न पकडणाऱ्या पिशवीत ठेवा. एवढंच, याच्यात आपण काही नवीन करत नाही.

मोजणीचं गणित सोपं आहे, अर्धा गुणिले वजन किलोत गुणिले वेगाचा वर्ग. ०.२० ग्रॅमचा बीबी सेकंदाला १०० मीटरने गेला की बरोबर १ ज्यूल, ११४ मीटरला १.३ ज्यूल, म्हणजे साधारण ३७४ फूट. इनर आखूड केल्यावर वेग बदलतो, बहुतेक वेळा थोडा कमी होतो पण नेहमीच असं नाही, म्हणून अंदाजाने खेळायला जाऊ नका, क्रोनो (वेग मोजायचं यंत्र) लावून दहा गोळ्यांची सरासरी काढा आणि वहीतल्या आधीच्या आकड्याशी ताडून बघा. अचानक खूप कमी आला तर हॉप-अपपाशी इनर नीट बसलेली नाही. ही चाचणी गॅरेजमध्ये दार लावून करा, बागेत नको. आमच्या शेजारच्या आजींनी एकदा पडद्याआडून मला पुठ्ठ्याच्या साच्यासकट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की सगळं ठीक आहे ना, पुठ्ठ्यावर निभावलं. काळी गन असती तर त्या मला न विचारता पोलिसांना विचारत्या, आणि त्यांचं काहीच चुकलं नसतं.

नेताना बंद बॅगेत, बॅटरी काढून, मॅगझिन काढून, डिकीत. वाटेत पेट्रोल पंपावर मित्राला दाखवायला काढायची नाही. बॅगेत एक अर्ध्या पानाचा कागद ठेवा, त्यावर बंदुकीचं नाव, साल, एक संग्रहालयाचा फोटो, किती ज्यूल, आणि ती कुठल्या खेळासाठी आहे. मार्शलला, म्हणजे मैदानावरच्या पंचाला, हा कागद दिला की निम्मे प्रश्न संपतात.

आणि ती ईएम-२

ही ब्रिटिश बुलपप रायफल, म्हणजे मॅगझिन ट्रिगरच्या मागे. एनफिल्डला स्टीफन जॅन्सन या मूळच्या पोलिश डिझायनरच्या हाताखाली झाली, .२८० ची नवी गोळी, एकूण लांबी फक्त ८८९ मिलिमीटर आणि तरी नळी ६२३ ची. १९५१ मध्ये लेबर सरकारने ती रायफल नंबर ९ म्हणून स्वीकारली पण, त्याच वर्षी चर्चिल परत आले, अमेरिकनांना .२८० ची गोळी नको होती, सगळ्या नाटो देशांची गोळी एक हवी, आणि ईएम-२ गेली कपाटात. तिच्या जागी आली एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल), तीच जी पुढे आपल्याकडे इशापूरला बनली आणि अजून पोलिसांच्या खांद्यावर दिसते. एवढी सुंदर गोष्ट असल्यावर मोह होणारच.

पण एअरसॉफ्टमध्ये तिच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट म्हणजे एल८५, ब्रिटिश सैन्याची नंतरची रायफल, ती पण बुलपप, गिअरबॉक्स मागे, इथवर ठीक. पुढे मात्र एल८५ ची लांबी ७८५, म्हणजे दहा सेंटिमीटरचा फरक, शिवाय ईएम-२ चं सगळं पुढचं लाकूड, पकडायची मूठ, वरचं हँडल आणि त्यात बसवलेली साइट, एकही भाग तयार मिळत नाही. मी तीनदा पुठ्ठा कापला, दोनदा लाकूड फुकट घालवलं, एकदा मॅगझिनची खाच चार मिलिमीटर पुढे केली आणि मॅगझिन आत गेलं पण बीबी वर चढेनात. आठ महिन्यांनी ती उघड्या डब्यात ठेवली आणि गॅरंड विकत घेतली. टी२६ पाच वीकेंडमध्ये झाली.

मधल्या पायरीला कोणाला काही करायचं असेल तर टी२० बघा. ती पण गॅरंडच, त्यात पुढे मॅगझिन घालून सलग फायरची सोय केलेली, १९४४-४५ ची, आणि तिथूनच धागा पुढे एम१४ पर्यंत जातो. बाहेरून मॅगझिन आणि नळीचं तोंड एवढाच मोठा फरक. पण आयोजकांना आधी विचारा, कारण गॅरंडवाल्यांना एकेक गोळीची परवानगी असते आणि तुम्ही वीस गोळ्यांचं मॅगझिन घेऊन आलात की कुरकुर होते.

ईएम-२ चा डबा अजून शेडमध्ये आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी आहे. मागच्या महिन्यात मॅगझिनची खाच परत मोजली, चार नाही, साडेतीन मिलिमीटरच चुकली होती.